कुत्र्यांचा डॉक्टर व्हायचं होतं

१९३९ सालच्या डिसेंबरात ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आल्फ वाइट नावाचा तेवीस वर्षांचा तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, त्याला सहा वर्षांहून जास्त लागली. काही विषय राहिले, मध्ये आजारपण आलं. बाहेर महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि पशुवैद्यांना नोकऱ्या नव्हत्या. या व्यवसायाचा पोशिंदा म्हणजे घोडा. शहरात मोटारी आणि शेतात ट्रॅक्टर आल्यावर तो झपाट्याने नाहीसा होत होता. महाविद्यालयात मात्र शिकवणी अजून बरीचशी घोड्याभोवतीच फिरत होती. एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग पडायचा. केवळ राहण्या-जेवणावर राबणारे पदवीधरही होते.

हाच तरुण पुढे जेम्स हेरियट या नावाने जगभर ओळखला गेला. त्याची पुस्तकं कोट्यवधींनी खपली, त्यावर चित्रपट निघाले, बीबीसीची मालिका बारा वर्षांच्या काळात टप्प्याटप्प्याने चालली. पुस्तकांतला पशुवैद्य हसतमुख आहे, निसर्गात रमलेला आहे, संकटातून सहीसलामत सुटणारा आहे. खऱ्या आल्फ वाइट यांच्या आयुष्यात हे सगळं होतंच; पण पुस्तकात न आलेलंही बरंच होतं, आणि डॉक्टरी पेशातल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

आल्फचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडच्या संडरलंड या बंदराच्या गावी झाला. तीन आठवड्यांच्या तान्ह्या मुलाला घेऊन आई-वडील ग्लासगोला गेले. वडील जहाजांच्या गोदीत काम करत आणि संध्याकाळी मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवत. आई गायिका होती. बोलपट आले आणि थिएटरातल्या वादकांची रोजीरोटी गेली; गोदीतही मंदी आली. आईने घरात शिवणकाम सुरू केलं आणि ते चांगलं चाललं. एकुलत्या एका मुलाच्या शिक्षणाला त्या सुईचा मोठा आधार होता.

घरात डॉन नावाचा आयरिश सेटर कुत्रा होता. त्याला घेऊन आल्फ टेकड्या तुडवत हिंडायचा. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याने मुलांच्या एका मासिकात पशुवैद्यकाच्या व्यवसायावरचा लेख वाचला आणि ठरवून टाकलं. खरं तर त्याचा ओढा भाषांकडे होता आणि विज्ञानात त्याची गती बेताची होती. पुढे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्याला धीर दिला आणि १९३३ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. आल्फच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते स्वच्छ पांढऱ्या कोटाचं, चकचकीत टेबलाचं, त्यावर शांतपणे तपासून घेणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं. गाय हा प्राणी त्या चित्रात जवळजवळ नव्हताच.

पहिली नोकरी जानेवारी १९४० मध्ये संडरलंडमध्येच मिळाली. शहरातला दवाखाना होता, पण तिथल्या आर्थिक स्थैर्याची खात्री वाटेना. जुलैमध्ये यॉर्कशायर परगण्यातल्या थर्स्क या छोट्या बाजारपेठेच्या गावी डोनाल्ड सिंक्लेअर नावाच्या पशुवैद्याने त्यांना बोलावून घेतलं. सिंक्लेअर हवाई दलात भरती व्हायला निघाले होते आणि मागे दवाखाना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. २३, कर्कगेट हा त्या घराचा पत्ता. पुस्तकांत ज्याला स्केलडेल हाउस म्हटलं आहे ते हेच. आल्फ कुत्र्यांचे डॉक्टर व्हायला निघाले होते आणि येऊन पडले गुरांच्या मुलखात. दुसरी नोकरी समोर नव्हती, एवढंच त्यामागचं कारण.

त्या काळी खेड्यातल्या गुरांच्या डॉक्टराचं काम कसं होतं याची कल्पना करून बघावी. मध्यरात्री निरोप येतो, गाय अडली आहे. गोठ्यात वीज नाही. हिवाळ्यात कमरेपर्यंत उघडं व्हायचं, साबणाच्या पाण्याने हात धुवायचा आणि दगडी फरशीवर पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घालून वासराची मुरडलेली मान सरळ करायची. गाय कळ देते तेव्हा आतला हात चेपून निघतो आणि बोटांतलं बळ जातं. दोन-दोन तास हे चालायचं. औषधांच्या कपाटात एरंडेल, टर्पेंटाइन आणि शतकभर जुनी मिश्रणं होती. सल्फा औषधं नुकतीच येत होती, पेनिसिलिन महायुद्धानंतर हाती आलं. दुग्धज्वराने आडवी पडलेली गाय कॅल्शियमचं इंजेक्शन देताच काही मिनिटांत उठून उभी राहते, हा तेव्हाच्या पशुवैद्याला क्वचित मिळणारा चमत्कार. उरलेला बराच वेळ जनावर आपलं आपण बरं होण्याची किंवा मरण्याची वाट बघण्यात जायचा.

दुसरं मोठं काम होतं क्षयाच्या तपासणीचं. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या सुमारे ४० टक्के दुभत्या गायींना क्षयाची बाधा होती आणि गायींकडून आलेल्या क्षयाने दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसं मरत होती. त्यांत कच्चं दूध पिणारी मुलं पुष्कळ. उपाय एकच होता. प्रत्येक गायीच्या मानेत ट्यूबरक्युलिन टोचायचं, तिसऱ्या दिवशी परत जाऊन कातडीची जाडी मोजायची आणि बाधित जनावर कळपातून काढायचं. हे काम हजारो गोठ्यांत पशुवैद्यांनी केलं. आल्फ यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये जोन डॅनबरी यांच्याशी लग्न केलं आणि मधुचंद्राला दोघं डोंगराळ भागातल्या एका खेड्यात गेली, ती गायींची क्षय तपासणी करायला. नवरा मापं सांगायचा, नवी नवरी वहीत लिहायची. १९६० च्या सुमारास ब्रिटनमधले जवळजवळ सगळे कळप तपासून झाले. मुलांच्या मानेतल्या गाठी आणि हाडांचा क्षय तिथल्या दवाखान्यांतून कमी झाला, त्यात पाश्चरायझेशनचा वाटा मोठा आहे आणि गोठ्यातल्या त्या वहीचाही. माणसांच्या डॉक्टरांनी हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं होतं, ते फारसं दिलं गेलं नाही.

मधली काही वर्षं युद्धाची होती. १९४२ च्या अखेरीस आल्फ हवाई दलात गेले. विद्यार्थिदशेपासून त्यांना गुदद्वाराजवळच्या भगंदराचा त्रास होता. हे दुखणं शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा उपटण्यात पटाईत असतं. सैन्यात असतानाच पुन्हा शस्त्रक्रिया झाली, उड्डाणासाठी ते अपात्र ठरले आणि वर्षभरात घरी परतले, पुन्हा थर्स्कला. तोवर मुलगा झाला होता. १९४७ मध्ये मुलगी झाली.

नंतर जडला तो या पेशाचाच आजार. गाय व्याल्यावर वार अडकली तर ती हाताने सोडवून काढावी लागते. हातमोजे नव्हते. गाभ टाकलेल्या गायीच्या वारेत ब्रुसेला नावाचे जिवाणू खच्चून भरलेले असतात आणि ते हातावरच्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरतात. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात ते शोधले. दहा वर्षांनी डेन्मार्कच्या बँग यांना गाभडणाऱ्या गायींत असाच एक जिवाणू दिसला. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी दोन्ही एकाच कुळातले आहेत असं दाखवलं, तेव्हा पुष्कळ वर्षं कुणी त्यांचं ऐकलं नाही. आल्फ यांना ताप येई तो हुडहुडी भरून. तापाच्या भरात ते मोठमोठ्याने गात, हसत. काही दिवसांत उतरे आणि मग केव्हातरी पुन्हा येई. भोवतालच्या कितीतरी गुरांच्या डॉक्टरांची हीच कथा होती. सर्दी-पडशासारखं ते चालवून घेतलं जायचं.

ब्रिटनने लसीकरण आणि तपासणीच्या जोरावर १९८० च्या दशकात हा रोग गुरांतून हटवला. आपल्याकडे तो आहे. २०१९ पासून देशात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. ही लस जिवंत जिवाणूंची असते. टोचताना सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली तर लस देणाऱ्यालाही आजार होऊ शकतो. माणसात ब्रुसेलोसिस पकडणं अवघड जातं, कारण लक्षणं कुठल्याही तापाची असतात: घाम, कंबरदुखी, सांधेदुखी, थकवा, आठवडेच्या आठवडे वरखाली होणारा ताप. टायफॉइड म्हणून उपचार होतात, मणक्याचा क्षय म्हणून होतात. घरी गुरं आहेत का, गाय-म्हैस गाभडली होती का, कच्चं दूध पिता का, हे तीन प्रश्न विचारले तर निदानाची दिशा बदलू शकते. डॉक्सिसायक्लिन आणि सोबत दुसरं प्रतिजैविक असा निदान सहा आठवड्यांचा उपचार लागतो. ताप गेला म्हणून मध्येच थांबवला की आजार परततो. दूध उकळून प्यावं, आणि गोठ्यात वार काढताना लांब हातमोजे घालावेत. आल्फ यांच्या पिढीला हे मोजे मिळायला फार उशीर झाला.

१९६० च्या सुमारास आल्फ यांची प्रकृती वेगळ्याच तऱ्हेने ढासळली. त्याच सुमारास वडील गेले होते. आईच्या अपेक्षांचं ओझं लहानपणापासून होतं, मुलांची शिक्षणं व्हायची होती आणि वीस वर्षं राबूनही गाठीला फारसं काही नव्हतं. गप्पिष्ट माणूस गप्प झाला. काम चालू होतं, गोठे चालू होते, चेहऱ्यावर मात्र काही उमटत नव्हतं. हे खोल नैराश्य होतं आणि त्यासाठी यॉर्क इथे त्यांना विजेच्या झटक्यांचा उपचार, म्हणजे ईसीटी, घ्यावा लागला. ब्रुसेलोसिसमुळे नैराश्य येऊ शकतं हे वैद्यकाला ठाऊक आहे. पण इथे एकाच कारणावर बोट ठेवणं घाईचं होईल. सिनेमांनी ईसीटीची जी भीती पसरवली आहे तिच्यामुळे हेही सांगायला हवं की तीव्र नैराश्यावरच्या परिणामकारक उपचारांत तो आजही मोडतो, आणि आता तो भूल देऊन केला जातो. आल्फ हळूहळू सावरले. १९६१ मध्ये मेंढ्यांनी भरलेल्या जहाजावर डॉक्टर म्हणून ते सोव्हिएत संघात जाऊन आले, दोन वर्षांनी गायी घेऊन विमानाने इस्तंबूलला. तेव्हा सभोवतालच्या फार थोड्यांना या आजाराचा पत्ता होता. मुलानेही तो सविस्तर लिहिला तो वडील गेल्यानंतर, १९९९ सालच्या चरित्रात.

एकाच दवाखान्यातून माणसं किती वेगवेगळ्या वाटांना लागतात ते बघण्यासारखं आहे. मालक डोनाल्ड सिंक्लेअर घोड्यांचे माणूस. हवाई दलात जाताना त्यांनी वय कमी सांगितलं होतं. ते उघडकीला आलं आणि ते लवकरच परतले. स्वभाव लहरी. सकाळी दिलेली सूचना दुपारी उलटी करायचे, आणि सगळ्यांना ते हवेहवेसे वाटायचे. त्यांचे धाकटे भाऊ ब्रायन विद्यार्थी असताना सुट्टीत दवाखान्यात येत, परीक्षेत गटांगळ्या खात आणि खोड्या काढत. हेच ब्रायन पुढे कृषी मंत्रालयाच्या सेवेत गेले, गुरांच्या वंध्यत्वावर काम केलं आणि सरकारी नोकरीत सुखाने निवृत्त झाले. मित्र डेंटन पेट यांनी मात्र डार्लिंग्टन या जवळच्या शहरात आल्फ यांच्या मनातलं काम उभं केलं: छोट्या प्राण्यांची शस्त्रक्रिया. अवघड कुत्रं आलं की आल्फ त्यांना गाडीत घालून डार्लिंग्टनला न्यायचे आणि पेट यांचं टेबल, दिवे, हात बघत उभे राहायचे. पुस्तकांतले ग्रॅनव्हिल बेनेट ते हेच. ती प्रकरणं विनोदी आहेत. तरी आपल्याला जे व्हायचं होतं ते दुसऱ्याच्या दवाखान्यात उभं राहून बघणाऱ्या माणसाचं कौतुक त्यांत स्पष्ट दिसतं.

लिहिण्याचं खूळ जुनं होतं. रोज जेवणाच्या टेबलावर जोनला आजची गंमत सांगायची आणि यावर एक दिवस पुस्तक लिहीन म्हणायचं, असं वीसेक वर्षं चाललं. पन्नाशीतले पशुवैद्य नव्याने लेखक होत नसतात, अशी कोपरखळी तिने मारली आणि त्यांनी टंकलेखन यंत्र आणलं. आधी लघुकथा लिहिल्या, त्या परत आल्या. मग घरच्या खोलीत, दूरदर्शन संच चालू असताना आणि फोन वाजत असताना, ते गोठ्यातलं लिहू लागले. पशुवैद्यांना स्वतःची जाहिरात करायला बंदी होती, म्हणून टोपणनाव हवं होतं. दूरदर्शनवर फुटबॉलचा सामना चालू होता, बर्मिंगहॅमच्या गोलरक्षकाचं नाव होतं जिम हेरियट. तेच घेतलं. पहिलं पुस्तक १९७० मध्ये निघालं तेव्हा आल्फ त्रेपन्न वर्षांचे होते. ते जेमतेम खपलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकाने पहिली दोन पुस्तकं एकत्र बांधून काढली आणि मग ते नाव जगभर गेलं.

पैसा आला तरी जगणं बदललं नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये मोठ्या उत्पन्नावर भयंकर कर होता आणि प्रसिद्ध माणसं परदेशी स्थायिक होत. आल्फ यांनी कर भरला आणि थर्स्क सोडलं नाही. सकाळी ते दवाखान्यात असत, बोलावणं आलं की गोठ्यात जात. शेतकरी पुस्तकाचा विषयही काढत नसत आणि त्यांना तेच आवडे. डोनाल्ड यांना पुस्तकातलं आपलं विक्षिप्त रूप मुळीच रुचलं नव्हतं. तरी पन्नास वर्षांची सोबत तुटली नाही.

दरम्यान दवाखाना बदलत होता. छोटे शेतकरी कमी झाले, गोठे मोठे झाले, बऱ्याच साध्या कामांसाठी शेतकरी डॉक्टरला बोलावेनासे झाले. उलट गावात कुत्री-मांजरं वाढली आणि त्यांच्यावर खर्च करायला लोक तयार होऊ लागले. कर्कगेटच्या घरात शस्त्रक्रियेचं टेबल दिवसभर व्यापलेलं राहू लागलं. आल्फ यांना तरुणपणी हवं होतं ते काम असं साठीकडे झुकताना दारी चालत आलं. तोवर त्यांना गायींचा आणि गायवाल्यांचा लळा लागून गेला होता.

मुलगा जिम ग्लासगोहून पशुवैद्य होऊन त्याच दवाखान्यात आला. मुलीलाही पशुवैद्य व्हायचं होतं. वडिलांनी तिला परावृत्त केलं. हे काम बाईमाणसाला झेपणारं नाही, आडव्या पडलेल्या गायी आणि लाथा मारणारी खोंडं तिच्या नशिबी नकोत, असं त्यांना वाटलं. ती माणसांची डॉक्टर झाली आणि थर्स्कमध्येच तिने व्यवसाय केला. ब्रिटनमध्ये पहिल्या महिला पशुवैद्याला, अ‍ॅलीन कस्ट यांना, १९२२ मध्येच अधिकृत मान्यता मिळाली होती. आज तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आल्फ चांगले बाप होते आणि या बाबतीत ते चुकले. स्वतःच्या खांद्यांनी सोसलेलं बघून त्यांनी निर्णय घेतला आणि काम बदलतंय हे दवाखान्यात रोज दिसत असूनही त्याचा अर्थ लावला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला. २३ फेब्रुवारी १९९५ रोजी थर्स्कजवळच्या थर्लबी इथे राहत्या घरी ते वारले. वय अठ्ठ्याहत्तर. ब्रायन त्यांच्या सहा वर्षं आधीच गेले होते. डोनाल्ड यांच्या पत्नीचं त्याच वर्षी निधन झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या अखेरीस, चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोनाल्ड यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तिपटी-चौपटीने जास्त असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. एकट्याने करायचं काम, रात्री-बेरात्रीची बोलावणी, औषधांची सहज उपलब्धता अशी कारणं सांगितली जातात. आता तिथे पशुवैद्यांसाठी स्वतंत्र मदतवाहिनी आहे.

शेवटच्या वर्षांत आल्फ दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून पुस्तकांवर सह्या करत. अमेरिकेतून आलेले पर्यटक रांगेत उभे असत आणि त्यांच्यामधून वाट काढत गावातला कुणीतरी दोरीला बांधलेलं कुत्रं घेऊन आत यायचा. दवाखान्याची वेळ चालू असे, त्यामुळे कुत्र्याचा नंबर आधी लागायचा.